खांदेमळणी झालेली बंदूक

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका तेलावर विश्वास असलेला माणूस साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. पाचोऱ्याच्या पुढे गिरणेकाठी त्यांची केळीची बाग होती, आणि घरात कोरडी म्हणावी अशी वस्तू नव्हती. खाटेच्या पायांना तेल, कुऱ्हाडीच्या दांड्याला तेल, छत्रीच्या मुठीला तेल, रेडिओच्या लाकडी खोक्याला तर खास जवसाचं तेल. मी जळगावहून भेटायला गेलो की हातपाय धुवायच्या आधीच माझ्या चपलांकडे बघून म्हणायचे, "पाव्हना, चामडं कोरडं पडनं. काढा त्या." परत निघताना त्या चपला पायात ठरत नसत. जळगावात मेहरूणला घरी पोचेपर्यंत मी चालायचो कमी आणि घसरायचो जास्त.

त्यांचा खरा जीव मात्र त्यांच्या दुनळी बंदुकीवर. केळीत रानडुकरं शिरायची म्हणून फार पूर्वी तिचं लायसन काढलेलं. डुक्कर त्यांनी आयुष्यात एकही मारलं नाही. हवेत बार काढायचे आणि पळणाऱ्या डुकराला चार शब्द सुनवायचे. तर या बंदुकीची ते दर वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांबरोबर खांदेमळणी करायचे. जू ओढून दमलेल्या बैलांच्या खांद्यांना आपल्याकडे लोणी-हळद चोळतात. आबा त्याच वाटीतलं लोणी बंदुकीच्या लाकडी दस्त्यालाही चोळायचे. मी कारण विचारलं तर मलाच अडाणी ठरवून म्हणाले, "जो खांदावर काम करस, त्यानी खांदेमळणी व्हवालेच पाहिजे." दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून उरलेला रंग दस्त्यावर, आणि त्यावर वार्निस. आता लोण्यावर रंग आणि रंगावर वार्निस हे वाळणार कसं? वरचा थर वाळल्यासारखं दाखवायचा, तोवर पुढचा पोळा लोणी घेऊन हजर. वैशाखातलं ऊन तापलं की दस्ता असा पाझरायचा की कोपऱ्यातली बंदूक उचलली तर भिंतीचा चुना बरोबर यायचा.

अक्का, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, यावर शांतपणे बोलायच्या. "माले माशासनं काही टेन्शन नही. यासनी बंदूक उभी करी दी का बठ्ठ्या माशा तठेच चिटकतस." आबांनी उपाय केले नाहीत असं नाही. ज्वारीचं पीठ भुरभुरलं, तर कोंबड्या बंदुकीला टोचा मारू लागल्या. माझ्या बहिणीच्या डब्यातली पावडर फासली, तर बंदुकीला नवरदेवाचा वास येऊ लागला. एका संध्याकाळी बागेत डुक्कर आलं. आबांनी दस्त्याला गाल टेकवला, हवेत बार काढला, डुक्कर गेलं, आणि आबा तसेच उभे. गाल आणि अर्धी मिशी दस्त्याला चिकटली होती. काडतुसं काढून घेऊन ते त्याच नेम धरलेल्या अवस्थेत गावातून घरी आले, आणि समोरून येणारा जो तो हात वर करून बाजूला होत होता. अक्कांनी कोमट तेल सोडून त्यांना मोकळं केलं. ते तेलही दस्ताच प्यायला.

मग एका वर्षी आबांची शेवटची बैलजोडी म्हातारपणानं गेली आणि माझ्या मेव्हण्यांनी दारात ट्रॅक्टर आणून उभा केला. त्याच उन्हाळ्यात लायसनसाठी बंदूक दाखवायला मी आबांबरोबर ठाण्यावर गेलो. फौजदारांनी बंदूक हातात घेतली, पाहिली, आणि परत द्यायला गेले तर ती हातातून निघेना. कशीबशी निघाल्यावर त्यांनी रुमालानं हात पुसला, तर रुमालच तळहाताला लोंबकळत राहिला. माणूस सज्जन होता. म्हणाला, "आबा, हा दस्ता लाकडापर्यंत खरवडून आणा. नाहीतर बंदूक जमा करावी लागेल." गावात आबांना सगळे बंदूकवाले आबा म्हणत, आणि बंदूक नाही म्हटल्यावर बाग डुकरांच्या हवाली. परत येताना एसटीत गोणपाटात गुंडाळलेली बंदूक मांडीवर घेऊन आबा बसले होते. पाचोरा मागे पडल्यावर म्हणाले, "बठ्ठा रंग बैलसना शे, पाव्हना." बैल गेले होते, आणि आता त्यांचे सगळे रंगही आबांना स्वतःच्या हातानं काढून टाकायचे होते.

ओट्यावर बसून फुटक्या काचेच्या धारेनं त्यांनी खरवडायला सुरुवात केली. मी टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून देत होतो. वरचा लाल थर निघाला. "हाऊ सर्जाना." खाली हिरवा लागला. "हाऊ मोरक्याना. मारका व्हता, पण औतले नंबर एक." बैलांची नावं ते अशी सांगत होते जणू जो तो दारातून बाहेर पडतोय आणि आबा त्याला निरोप देतायत. चेष्टा करायला म्हणून अक्का बाहेर आल्या, आणि खालचा गुलाबी रंग दिसताच जवळ टेकल्या. आबांनी नाव सांगितलं नाही. अक्काच म्हणाल्या, "लाल्या शे तो. मनं लगीन व्हयनं तवयना." आबांनी मान हलवली आणि काच हळू चालवली. शेवटी खालचं लाकूड उघडं पडलं. ते फारच साधं आणि पांढुरकं होतं.

लायसन मिळालं. पोळ्यानंतर गेलो तेव्हा बंदूक खुंटीला होती. मी उचलून पाहिली, खाली ठेवली, आणि हात स्वच्छ सुटला. "आबा, झकास काम झालं," असं मी मनापासून म्हणालो. त्यांनी ती जवळ ओढून दस्त्यावर तळहात टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.

"पहिले हात लावा का धरी ठेवे," ते म्हणाले. "आते लगेच सोडी देस."