साबण लावलेला स्क्रू

इजिप्तमधलं दुम्यात हे सुतारांचं गाव; तिथं पलंग कुरकुरला तर लाकडाला कुणी नावं ठेवत नाही, जोडणाऱ्याच्या हाताला ठेवतात. बदरान हा तिथला उस्ता, म्हणजे मुरलेला कारागीर; त्यानं उभी हयात दुसऱ्यांच्या लेकींचे पलंग जोडले. आता स्वतःच्या लेकीचा, समाहचा जोडायचा होता, आणि नेमकं उजवं मनगट कामातून गेलेलं.

हातानं स्क्रू पिळून पिळून त्या मनगटाचं चिपाड झालं होतं. चहाचा पेला उचलला तरी कळ कोपरापर्यंत जायची. म्हणून त्यानं बॅटरीवरचं ड्रिल मशीन घेतलं; लाल, स्वस्तातलं. सोबत दोन बॅटऱ्या आणि स्क्रू पिळायच्या टोकांची, म्हणजे बिटांची, पेटी फुकट. बिटं आठवड्यात बोथट झाली, मशीन मात्र गरीब गाईसारखं टिकलं. मऊ लाकडात बरं चालायचं. बीच झाडाच्या कडक लाकडात स्क्रू अर्धा गेला, की कण्हायचं आणि बसकण मारायचं. मग उस्ता प्रत्येक स्क्रू आधी साबणावर घासायचा, म्हणजे तो सरकन आत जायचा. हातानं पिळायच्या काळातली ती रीत. खिशात कायम साबणाचा तुकडा असायचा. बायको इन्साफ म्हणायची, "आंघोळीचा कंटाळा, अन् खिशात मातूर साबण."

मशीनच्या तोंडाशी आकड्यांचं एक कडं होतं. स्क्रू किती जोरानं बसला की मशीननं कटकट करून सुटायचं, ते म्हणे त्या कड्यावर ठरतं. लाल मशीनचं कडं कुठंही फिरवा, फरक काडीचा नाही. उस्तानं ते शोभेचं धरलं आणि विसरला.

इन्साफचा भाऊ जाबर, त्याच्याकडं काळं मशीन होतं, महागातलं. बॅटरी एकच, तीही वेगळी घ्यावी लागलेली. पण मुठीत धरलं की भार तळहाताच्या मधोमध यायचा आणि बिट तसूभर डुगडुगायचं नाही.

"दाजी, लेकीच्या कामाला तरी त्ये खेळणं नेऊ नगंस," जाबर म्हणाला. "माझं ने."

"त्या खेळण्यानंच तुझ्या घरचं कपाट जोडलंय."

"म्हणून तर सांगतुया."

सामान वाजतगाजत नवऱ्याच्या घरी निघालं. गाड्यांवर आरसे, गाद्या, पितळी भांडी. पुढं ढोल, मागं बायांच्या किलकाऱ्या. घर पाचव्या मजल्यावर, इमारत नवी, विजेचा मीटर अजून बसायचा होता. म्हणजे मदार सगळी बॅटरीवर. त्यात रीत अशी, की गादी टाकायच्या आधी नवरदेवाच्या आईनं पलंगाच्या कडेवर बसून बघायचं. ही विहीण, उम्म वाइल, अंगानं भरभक्कम आणि जिभेनं त्याहून. थोरल्या सुनेचा पलंग कुरकुरला, ते तिनं गल्लीभर केलं. त्या जोडणाऱ्याला पुन्हा लग्नाचं काम मिळालं नाही. म्हणून उस्तानं हट्ट सोडून जाबरला काळ्या मशीनसकट सोबत आणलं होतं.

उस्तानं उशाची फळी उभी केली, बाजूची पट्टी लावली, सवयीनं स्क्रू साबणावर घासला आणि काळ्या मशीनचा खटका दाबला. चिखलात काठी जावी तसा स्क्रू आत गेला. गेला आणि थांबलाच नाही. डोकं लाकडात बुडालं, तरी गरगरत राहिला. भोक आतून पार पिसलं गेलं.

उस्ता खाली बसला. जाबरनं शेवटच्या कामाला कडं पुऱ्या जोरावर ठेवलं होतं, ते तसंच होतं. उस्तानं त्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. दुबळ्या जनावराला टाच मारायची सवय, तीच टाच त्यानं जातिवंत घोड्याला मारली होती. मशीनचा यात काय दोष?

"जाड स्क्रू मार, दाजी. कुणाला कळतंय?"

"आज धरंल. लाकूड आटलं की बोलाय लागंल. अन् त्यावर माझी लेक निजणार हाय."

त्यानं बीचच्या तुकड्याची खुंटी तासली, सरस लावून भोकात ठोकली. तेवढ्यात उम्म वाइल धापा टाकत वर आली. मागं बाया.

"झालं का, उस्ता?"

आरसा पुसायचा बाकी आहे, असं काहीबाही सांगता आलं असतं.

"न्हाई, विहीणबाई," तो म्हणाला. "एक भोक माझ्या हातनं बिघडलंय. सरस वाळंपातूर पलंगाला कुणी हात लावायचा न्हाई."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. उम्म वाइल बांधलेल्या गादीवरच टेकली आणि खालून चहा मागवला. दोन घोटांनंतर म्हणाली, "थोरलीच्या टायमाला ह्ये मला कुणी सांगितलं न्हाई."

दुपार कलली. उस्तानं उरलेले स्क्रू झग्याच्या टोकानं कोरडे पुसले. खुंटीत बारीक भोक पाडलं. कडं कमीवर आणलं, मग जरा वर, आणखी जरा. स्क्रू बसला तसं मशीन कटकटलं आणि आपणहून सुटलं. इतकी वर्षं शोभेचं धरलेलं कडं पहिल्यांदा बोललं. मनगटाला खबरही नव्हती. अखेरचा पीळ तरी त्यानं हातानंच दिला. कळ आली, येऊ दिली.

उम्म वाइल कडेवर बसली. डावीकडं झुकली, उजवीकडं झुकली, मग सगळा भार टाकून हलली. खोलीत फक्त तिच्या बांगड्या वाजल्या.

"मुका हाय," ती म्हणाली, आणि बायांनी किलकारी दिली.

जिना उतरायच्या आधी जाबरनं विचारलं, "मग, आता काळंच घेणार न्हवं?"

"घ्यायचं तर हाय. पर आधी हाताला नवं शिकवाय लागंल. मशीन बदललं म्हणून हात बदलतोय व्हय?"

बादलीतल्या पाण्यानं उस्तानं हात धुतले. खिशातला साबण झिजून पातळ झाला होता. तो त्यानं लेकीच्या नव्या बेसिनच्या काठावर ठेवला आणि खाली उतरला.