जात्याचं पहिलं पीठ

हे लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा चहा ठेवायला, एकदा दार लावलंय का बघायला, एकदा उगाच. आता लिहून टाकते.

आमच्या गावात, माणच्या कोरड्या पट्ट्यात, मी लहान असेपर्यंत गिरणी नव्हती. घरोघरी जातं. दगड गुळगुळीत झाले की टाकी लावणाऱ्याला बोलवायचं. तो छिन्नीनं ठोकून ते पुन्हा खरबरीत करायचा. त्यानंतर जे पहिलं पसाभर पीठ निघायचं त्यात दगडाची कच असायची. ते उकिरड्यावर टाकायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

मलाही माहीत होतं. मी दहा वर्षांची होते.

त्या दिवशी धाकटे काका पलटणीतून सुट्टीवर येणार होते, लग्नानंतर पहिल्यांदाच. काकीनं नुकत्याच टाकी लावलेल्या जात्यावर पसाभर ज्वारी दळली, पीठ सुपात भरून माझ्याकडं दिलं, "टाकून ये," म्हणाली आणि घागर घेऊन विहिरीवर गेली. तेवढ्यात एसटीचा हॉर्न. उकिरडा घराच्या मागं, एसटी पुढं. मी सूप पिठाच्या मडक्यात उपडं केलं, वरून हात फिरवला आणि पळाले.

"टाकलंस न्हवं गं?" काकीनं आल्यावर विचारलं.

"व्हय." तोंडात काकांनी दिलेली गोळी होती.

दुपारी काकांनी पहिला घास चावला आणि थांबले. दुसरा चावला. मग ताटावरून उठले. आजी बोलली. "वरसानं नवरा घरी आला आन त्येच्या भाकरीत कच. आईनं हेच शिकवलं व्हय?" काकी माझ्याकडं बघत होती. मी ताटाकडं.

त्यानंतर आजी होती तोवर काकीला भाकरी करण्याआधी चिमूटभर पीठ सगळ्यांसमोर जिभेवर ठेवून दाखवावं लागायचं. काका सुट्टीवर आले की विचारायचे, "आज भाकर हाय का दगूड?" सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे. हे लिहायचंच राहत होतं.

गेल्या महिन्यात फलटणला त्यांच्याकडं गेले. आता गॅस आहे, पीठ पिशवीतून येतं. काकीनं पिशवी फोडली, चिमूट जिभेवर ठेवली, मग पीठ परातीत ओतलं. घरात आम्ही दोघीच होतो, दाखवायला कुणी नव्हतं. मला बसवेना. उठले, पाणी प्यायले, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

तिनं परातीतून मान वर केली नाही. "मला कशाला सांगतीस? मी न्हाई केलं, मला ठावंच हाय. त्यास्नी सांग."

काका बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं. मी जवळ जाऊन बोलले.

"आं? मोठ्यानं बोल की."

समोरची बाई धुणं वाळत घालत होती. तिनं वळून बघितलं. मी मोठ्यानं बोलले. त्या दिवशी भाकरीत कच होती ती माझ्यामुळं. काकीनं टाकायला सांगितलं होतं. मी खोटं बोलले.

काका माझ्या तोंडाकडं बघत राहिले. आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"आनि एकदा सांग," काकी आतून म्हणाली. "त्यास्नी नीट ऐकू ग्येलं न्हाई."