चिंचेचा इसार

आषाढ शुद्ध पंचमी, गुरुवार. इसार पाच हजार रुपये. हजर मी, माझी बायको, धाकटा भाऊ आणि लाकडाचा व्यापारी. आमच्या शिरड शहापूरच्या घरामागची जुनी चिंच सव्वीस हजारांना ठरली. परवानगीचं व्यापारी पाहणार आणि अमावास्येच्या आत झाड पाडणार. बोली आमच्याकडे चालते तीच: घेणारा फिरला तर इसार बुडाला, विकणारा फिरला तर दुप्पट परत.

झाड विकायचं बायकोनं काढलं होतं, आणि तिचं बरोबर होतं. दर पावसाळ्यात चिंचेवर बगळे घरटी करतात. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यातून मासे आणतात, त्यातले बरेच पिल्लांच्या तोंडून निसटून खाली पडतात. अंगण विष्ठेनं पांढरं होतं आणि वास जेवणाच्या ताटापर्यंत येतो. मी सकाळच्या बसने हिंगोलीला कामाला जातो, दिवेलागणीला परततो. मुलं बाहेरगावी. त्यामुळे सकाळ-दुपार झाडणं आणि धुणं तिच्याच वाट्याला. गेल्या वर्षापासून तिची कंबर धरते. झाड गेलं की अंगणात फरशी टाकायची, असंही ठरलं होतं.

अमावास्येला आठवडा राहिला असताना रविवारी भाऊ जीप घेऊन आला. धरणाच्या बाजूला एक मोठी वनस्पतीबाग आहे, तिथं न्यायला.

"वहिनी, एक दिवस तरी झाडू सोडा," म्हणाला.

मला खरं तर घरी झोपायचं होतं. तिकीट माणशी वीस रुपये. आत पांढऱ्या सालीचे अर्जुन, पारंब्यांचेच खोड झालेला एक वड, तिघांच्या कवेत न मावणारा मोह. प्रत्येक झाडाला नावाची पाटी. तांबट पक्षी कुठंतरी टुकटुक करत होता. हळद्या दोनदा दिसला, पिवळा धमक. इतक्या मोठ्या झाडांखाली चालताना बरं वाटत होतं, पण पाय दुखत होते. तळ्याच्या कडेला बाकडं दिसलं तसे आम्ही बसलो.

समोर चिंच होती. आमच्या चिंचेएवढीच. आणि वर तेच बगळे. खाली चार-पाच माणसं कॅमेरे लावून उभी.

"पाहा वहिनी," भाऊ हसला, "लोक तिकीट काढून काय पाहून राहिले. तुमच्या घरी फुकट हाय."

"तुमाला फुकट. इथं मला झाडायचं न्हाई, म्हणून दिसून राहिलेत."

ती बराच वेळ वर पाहत बसली. एक पिल्लू घरट्याबाहेर फांदीवर आलं आणि घसरलं. खाली पडणार, तेवढ्यात त्याने मान फांदीला अडकवली, चोचीनं काटकी धरली आणि पंख झाडत, धडपडत पुन्हा वर चढलं. बायको मोठ्यानं हसली. मग भावाकडे वळली.

"ही उडतात कधी?"

"श्रावण सरता सरता," भाऊ म्हणाला.

"अन् आपली चिंच?"

"अमावास्येच्या आत," मी म्हणालो.

"मंग ही पन पडतील."

"अगं, तूच म्हणालीस ना, एकदाचं काढा म्हणून?"

"झाड काढा म्हनले. लेकरं पाडा न्हाई म्हनले."

"ती वर होतीच की."

"मला काय ठाव? मी खालीच पाहून राहिले होते."

मी तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला. श्रावण संपेपर्यंत थांबा, म्हटलं.

"न्हाई जमत भाऊ. मशीन अन् मजूर ठरलेत. पोळ्यानंतर मजूर सोयाबीनला जातेत. तुमाला नसंल द्यायचं तर बोलीपरमाणे करा."

मी फोन ठेवला. भाऊ म्हणाला, "दादा, घरचे पाच हजार चालले! बगळ्यांचं बाळंतपण लई महाग पडलं."

बायको हसली नाही. मी तिला विचारलं, "अंगणाचं काय?"

"अंगण हायच."

"आणि कंबर?"

"ती बी हायच. पुढचं पुढं पाहू."

परतीच्या वाटेवर ती झोपली. सोमवारी सकाळी बसच्या आधी मी अर्धं अंगण झाडलं. माझ्याकडून नीट होत नाही, असं ती म्हणाली, पण झाडू परत मागितला नाही. दुपारचं झाडणं तिच्याकडेच राहिलं.

गुरुवारी संध्याकाळी व्यापारी पैसे घ्यायला आला. मागच्या अंगणातच खुर्ची टाकली. चहा पिताना त्याच्या खांद्यावर वरून पांढरं पडलं. त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे. बायकोनं तांब्याभर पाणी आणून दिलं.

फरशीसाठी ठेवलेल्या पैशांतून पाच हजार काढले आणि त्याच्या पाच हजारांवर ठेवले. भाऊ हजर होता. एकूण दिले दहा हजार, लाकडाच्या व्यापाऱ्याला.