करडईतल्या मधमाश्या

फवारणीचा उग्र वास आला की मला अहमदपूरजवळची करडई फुललेली ती सकाळ आठवते. अब्बांनी ओळखीच्या एका काकांच्या बांधावर मधमाश्यांच्या सहा पेट्या ठेवल्या होत्या. करडईवर काळ्या माव्याची कीड पडली होती, म्हणून काका पाठीवर पंप घेऊन आले. अब्बा म्हणाले, "भाऊ, सांजपर्यंत थांबा. माश्या फुलांवर हायेत." काका म्हणाले, "लई थांबलो, भाई. पीक वाळून राहिलं." त्यांचंही खरंच होतं. त्यांनी पंप सुरू केला. अब्बा पेट्यांकडे धावले, पण आता दारं लावून उपयोग नव्हता. माश्या कधीच शेतात गेल्या होत्या, आणि त्यांना हाक मारून परत बोलावता येत नाही. दुपारी त्या पेट्यांपुढच्या मातीत गरगरत पडल्या. मी एकेक उचलून दारात ठेवत होते, आणि आतल्या माश्या त्यांना पुन्हा बाहेर ढकलत होत्या. आठ-दहा दिवसांनी काका स्वतःच घरी आले. मावा परत आला होता, दुपटीनं. तो खाणारे लाल ढालकिडे मात्र फवाऱ्यात मेले होते. "आता काय करावं?" त्यांनी हळूच विचारलं. अब्बा रिकामी पेटी पुसत राहिले. आज मी शाळेत अन्नसाखळी शिकवते. फळ्यावरचे बाण पोरांना लगेच कळतात. त्या सकाळी काकांना काय सांगायला हवं होतं, ते मला अजूनही सुचत नाही.