आधी चावी

मी लष्करात सतरा वर्षे व्हेईकल मेकॅनिक होतो आणि हवालदार म्हणून बाहेर पडलो. आता हातखंब्याला माझे स्वतःचे गॅरेज आहे. ते उभे करताना मी कोणाच्या पाया पडलो नाही. इथे लिहितो आहे ती माझ्या नोकरीच्या शेवटच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे.

अर्जुना नदीला पूर आला आणि आमच्या युनिटला राजापूरला मदतकार्याचा हुकूम झाला. माझा स्वतःचा जिल्हा म्हणून मला तुकडीबरोबर घेतले. आमच्याकडे दोन ट्रक, दोन रबरी बोटी आणि एक ॲम्ब्युलन्स होती. ॲम्ब्युलन्स लष्करी बनावटीची नव्हती. गावोगाव दिसते त्याच मॉडेलची, नवीन मिळालेली गाडी होती. अशा गाडीत इंजिनाचा सगळा कारभार एक छोटा कॉम्प्युटर बघतो. आम्ही त्याला ईसीएम म्हणतो. हा ॲल्युमिनियमचा डबा बॉनेटखाली बॅटरीशेजारी बसवलेला असतो.

त्या डब्याच्या सीलला चीर होती. मी तीनदा लेखी मागणी केली होती की दुसरा ईसीएम द्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी सुभेदार शेळके यांना पुन्हा सांगितले.

"साहेब, पाण्यात गेली तर ही गाडी बसेल."

"तुम्हा रत्नागिरीकरांना सगळं लेखी लागतं," ते हसून म्हणाले. "कोर्टात जायचंय का? टेप लाव आणि चल."

मी टेप लावली. मागणीच्या कागदांच्या प्रती अजून माझ्या कपाटात आहेत.

सकाळी साडेसहाला काम सुरू झाले. अकरापर्यंत आम्ही बाजारपेठेतून चाळीसेक माणसे काढली. ॲम्ब्युलन्स नदीच्या अलीकडे, चढावाच्या पायथ्याशी उभी होती. ट्रक पलीकडे गेले होते आणि मधला रस्ता पाण्याखाली गेला होता; रत्नागिरीकडचा तेवढा चालू होता. तिथे पोचताना आमची गाडीही एका मोरीवरच्या पाण्यातून आली होती. तेव्हा ती चालली, म्हणून मी निर्धास्त होतो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी बोट एका दुकानाच्या भिंतीवर आपटली. नाईक प्रकाश डाफळे मध्ये सापडला. आम्ही त्याला वर आणले तेव्हा रक्त कुठेच दिसत नव्हते. नर्सिंग असिस्टंट थॉमसने त्याच्या पोटावर हात ठेवला आणि मला बाजूला घेतले.

"आत रक्त जातंय. लवकर सर्जन पाहिजे. रत्नागिरीलाच न्यावं लागेल."

मी स्टार्टर मारला. इंजिन फिरले, पेटले नाही. स्कॅनर जोडला. स्क्रीनवर ईसीएमचे नावच येईना. डबा उघडला तर आतून गढूळ पाणी माझ्या मनगटावर आले.

थॉमसने सेट उचलला. "कंट्रोल, ॲम्ब्युलन्स बंद. एक कॅज्युअल्टी सीरियस. दुसरी गाडी पाठवा. ओव्हर."

"पलीकडून यायचा रस्ता बंद आहे. दोन तास तरी लागतील. तुमची गाडी हलवा. ओव्हर."

गाडीच्या पुढे जांभ्याचा एक चिरा पडला होता. पाणी त्याच्या निम्म्यावर होते. मी त्या चिऱ्याकडे बघायचे नाही असे ठरवले आणि दर मिनिटाला बघत राहिलो.

सकाळी घरे रिकामी करताना वरच्या आळीत याच मॉडेलची एक गाडी मी पाहिली होती. गडग्याची भिंत कोसळून तिची मागची चाके दबली होती. इंजिन शाबूत होते. मी पाने घेऊन पळालो.

मालक इस्माईलकाका, जहाजावरून निवृत्त झालेले, सत्तरीचे, घर सोडायला तयार न झालेले. गाडी मुलाने कुवेतहून पैसे पाठवून घेतली होती. मी बॉनेट उघडायला सांगितल्यावर ते आडवे उभे राहिले.

"आधी भिंत पडली, आता मिल्ट्री आली. काय काय नेणार?"

"फक्त हा डबा, काका. आमचा माणूस मरतोय."

"आनि परत कोन आनील?"

"मी. माझ्या हाताने बसवीन. नाव, नंबर लिहून देतो."

"शिक्का?"

"शिक्का नाही. सही आहे. माझी सही शिक्क्यापेक्षा भारी आहे."

ते बाजूला झाले. बॅटरीची तार सोडली, कनेक्टरचे खटके उघडले, चार बोल्ट काढले. एखादी पिन वाकेल या भीतीने दोनदा थांबलो. निघताना त्यांनी खिशातून चावी काढली.

"ही पन घेऊन जा. तिच्याबिगर ती सुरू व्हायाची नाय."

मला वाटले, म्हाताऱ्याला पुढचा दावा मांडायचा आहे. चावी घेतली म्हणजे गाडीच लष्कराने घेतली असे तो म्हणेल. सौद्यात ठरले नव्हते ते मी घेत नाही.

"नको म्हटलं ना! डबा ठरलाय, डबाच नेणार," मी ओरडलो. "गाड्या मला शिकवू नका."

तोवरची सोळा वर्षे मी ज्या लष्करी गाड्यांवर काम केले, त्यांना चावी म्हणजे नुसता स्विच. चिप नाही, ओळख नाही. कोणीही बसावे आणि गाडी न्यावी, अशाच त्या बनवलेल्या असतात. नव्या गाडीचा ईसीएम स्वतःच्या चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू ठेवत नाही, हे मला कोर्समध्ये सांगितले होते. त्या क्षणी आठवले नाही.

बारा वाजून वीस मिनिटांनी डबा बसला. पाणी चिऱ्याच्या वर आले होते. स्टार्टर मारला. इंजिन दोन सेकंद चालले आणि मेले. डॅशबोर्डवर चावीचे लाल चित्र लुकलुकत होते.

मागून डाफळेने विचारले, "उस्ताद, झालं का?"

"झालंच," मी म्हणालो.

मी पुन्हा चढावाला लागलो. आता आळीच्या तोंडाशी डोंगरावरून आलेले मांडीपर्यंत पाणी होते आणि ओढ इतकी की दोनदा पाय सुटले. अर्ध्या वाटेत समोरून इस्माईलकाका येताना दिसले. एका हाताने कुंपण धरलेले, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत चावी, डोक्यापेक्षा उंच.

"ओरडून झाला का?" ते म्हणाले. "धर आता."

त्यांना सुरक्षित जागी बसवून परत यायला वेळ गेला. त्यांची चावी आमच्या कुलपात फिरणार नव्हती, पण चिप कुलपाजवळ असली की पुरते. म्हणून ती आमच्या चावीच्या डोक्याला टेपने बांधली. शेळक्यांनी लावायला सांगितलेलीच टेप. एक वाजून दोन मिनिटांनी इंजिन धरले. मीच गाडी चालवली. वाटेत एकदाही इंजिन बंद केले नाही, पुन्हा पेटेल याचा भरवसा नव्हता.

हातखंब्याला रत्नागिरीचे वळण घेतले तेव्हा थॉमसने मागून काचेवर टकटक केली. मी वेग वाढवला. त्याने पुन्हा टकटक केली आणि मान हलवली. दोन वाजून सात मिनिटे झाली होती.

चौकशीत लिहिले गेले, 'तंत्रज्ञाकडून विलंब'. पुढची बढती गेली. सुभेदार साहेब ऑनररी लेफ्टनंट म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यावरचा माझा राग आजही तसाच आहे. मागणीचा ईसीएम मिळाला असता तर डाफळे साडेअकराच्या आत रस्त्याला लागला असता. हे मी कोणाशीही, कुठेही भांडून सांगेन.

पण बारा वीस ते एक दोन ही बेचाळीस मिनिटे कोणत्याच कागदावर नाहीत. चौकशीत मी चावीबद्दल बोललो नाही आणि मला कोणी विचारलेही नाही.

पूर ओसरल्यावर मी ईसीएम परत बसवून दिला. काकांनी गाडी सुरू करून बघितली.

"तुजा मानूस?"

"गेला."

त्यांनी इंजिन बंद केले. चावीचा विषय त्यांनी काढला नाही.

डाफळेच्या आईला भेटायला चंदगडला गेलो, तेव्हा स्पेअर ईसीएम मिळाला नाही ती सगळी हकिगत सांगितली, चावीची नाही. ती म्हणाली, "तुम्ही तरी धावलात बाबा." मी चहा प्यायलो आणि उठलो.

गॅरेजवर ईसीएमचे काम आले की मी भाव बोलायच्या आधी चावी मागतो. असतील तेवढ्या सगळ्या चाव्या. गिऱ्हाईक चिडते, विश्वास नाही का म्हणते. मी हात पुढे करून उभा राहतो.

नाईक प्रकाश डाफळे. वय एकतीस. त्या दिवशी सकाळी त्याने बोटीतून अकरा माणसे काढली. मी "झालंच" म्हणालो, ते त्याने खरे मानले होते.