बंबवाले उभे राहिले

बंबवाल्यांची थोरली मुलगी रागावली की भांडी वाजत नसत. ती गप्प बसे, आणि सगळं घर धास्तावे. दिवसभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी पिळायच्या आणि घरी येऊन वडिलांना उचलायचं. पाठ पार कामातून गेली होती. अप्पा एके काळी आगीच्या बंबावर होते. जळत्या जिन्यांवरून त्यांनी माणसं खांद्यावर टाकून खाली आणलेली. आता अर्धांगानं डावी बाजू गेली, पण तोरा शाबूत!

आरोग्य पाहणीच्या बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा पाहणीत ज्याची गरज जास्त दिसेल त्याला घरी दिवसा मदतनीस मिळणार होता. अप्पांनी दाढी करून घेतली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि ठणकावलं, "मला काय धाड भरलीय?" अख्ख्या गल्लीनं हेच केलं. मदतनीस गेले रस्त्यापलीकडच्या बंगल्यांत. तिथे कुणाला कण्हायची लाज वाटली नव्हती.

"तुमच्या रुबाबानं माझी पाठ मोडली," थोरली म्हणाली.

"मग टाक मला रस्त्यावर! उपकार नकोत."

"उचलून टाकायलाही पाठ लागते, अप्पा."

पुढे बाईंनाच शंका आली. इस्पितळात सगळ्यात जास्त रोगी याच गल्लीतले, आणि गरज मात्र कुणालाच नाही? त्या पुन्हा आल्या, न कळवता. अप्पा उजव्या हातानं खाटेचा कठडा धरून उभे राहिले. छाती पुढे, हनुवटी वर. "बघा!"

"छान. आता बसून दाखवा."

एरवी ते बसताना थोरली मागून काखेत हात घालायची. आज तिनं हाताची घडी घातली. अप्पांचा गुडघा लटपटू लागला. बाई पुढे धावल्या, तशी थोरली म्हणाली, "थांबा. आधी त्यांना विचारा, मदत हवी का."

"वैरीण आहेस," अप्पा पुटपुटले. घाम नाकावरून ओघळला. "धर!"

"कुणाला सांगताय?"

"तुला! धर मला, पडतोय मी!"

तिनं झेप घेऊन धरलं, हलकेच बसवलं, सदरा सरळ केला.

मग बाईंनी गल्लीतल्या प्रत्येकाला बसून दाखवायला लावलं. मदतनीस आले.

पहिल्याच संध्याकाळी थोरली कामावरून आली, तर अप्पा मदतनिसाला आगीची गोष्ट रंगवून सांगत होते. तिला पाहताच थांबले, भिंतीकडे तोंड केलं.

"या बाईला सांग, पुढचं मी तिच्यासमोर बोलत नसतो."

थोरलीला ती गोष्ट तोंडपाठ होती. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि गार फरशीवर पाठ टेकली.