रखवालदाराची काठी

मार्चमधल्या एका रविवारी, सकाळी सात चाळीसच्या सुमारास, सानपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात केबलचे काम करणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारहाण केली. मारहाण चार ते पाच मिनिटे चालली. तरुण चोवीस वर्षांचा, जवळच्या शिरवणे गावचा. त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. डावा डोळा कायमचा गेला. मारणाऱ्यांत माझे वडील होते.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत दात घासत उभा होतो. इथे लिहितो आहे ते गॅलरीतून दिसले तेवढे आणि नंतर ज्याची खात्री करून घेता आली तेवढे.

वडील बासष्ट वर्षांचे. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर सोडवण्याच्या कागदपत्रांचे काम करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. दर रविवारी सात ते आठ ते तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात वर्ग घेत. खुर्च्या भिंतीला लावून सतरंजी अंथरली जाई. चौदा-पंधरा पुरुष येत, बहुतेक नोकरदार. विषय सहा वर्षे एकच होता: मी आणि दुसरा असे दोन नाहीतच. वडील घरातही त्यावर बोलत, पण वर्गात जास्त बरे बोलत. त्यांचा एक दाखला मला पाठ झाला होता. कंटेनरचे दार लावले, सील ठोकले, म्हणून आतली जागा बाहेरच्या जागेपासून तुटते का? क्रेनने पेटी उचलून जहाजावर ठेवली, तर जागा तिच्याबरोबर जाते का? जाते ती पेटी. आपण जन्मभर पेटीवरचा नंबर म्हणजे मी असे धरून चालतो.

त्या महिन्यात सेक्टरमध्ये दोन घरफोड्या झाल्या होत्या. दोन्ही वेळा चोर गच्चीवरून उतरले होते. सोसायटीच्या सभेत ठराव झाला की रखवालदाराने तीन लांब शिट्ट्या वाजवल्या की प्रत्येक घरातून एक पुरुष खाली यायचा. रखवालदाराला शिट्टी आणि बांबूची एक काठी देण्यात आली. काठीला वरच्या टोकाशी लाल रंगाचा पट्टा होता. रखवालदार परभणीकडचा, चाळिशीचा. बायकोसह पंपाच्या खोलीशेजारी पत्र्याच्या खोलीत राहायचा.

केबलवाल्याचे काम गच्चीवरून चाले. तार एका इमारतीवरून दुसरीवर टाकायची तर जिना उतरून परत चढण्यापेक्षा कठड्यावरून पलीकडे जाणे सोपे पडे, आणि सगळे केबलवाले तेच करत. हा मुलगा त्या भागात नवा होता. शेजारच्या इमारतीच्या कठड्यावरून तो आमच्या गच्चीवर आला, खांद्याला पिशवी. रखवालदाराने खालून हटकले. त्याला ऐकू गेले नाही. रखवालदाराने तीन शिट्ट्या वाजवल्या. शिट्ट्या ऐकून तो घाबरला आणि जिन्याने खाली पळाला.

वर्ग चालू होता. जिन्याचे तोंड ऑफिसच्या दारासमोरच आहे. त्यामुळे सर्वांत आधी पोहोचले ते वर्गातले लोक. घरोघरचे त्यांच्या मागून आले.

दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांनी त्याची कॉलर धरली आणि विचारले, "काय हिरो, कुठे निघालास?" तो म्हणाला, "काका, केबलचा हाय मी. केबलचा." हे मी तिसऱ्या मजल्यावर ऐकले. खाली असलेल्यांपैकी एकानेही नंतर ते ऐकल्याचे सांगितले नाही. पहिला फटका सोसायटीच्या सचिवांनी मारला, उघड्या हाताने, कानाखाली. सचिव तुर्भ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते आणि वर्गात पहिल्या ओळीत बसत. मुलगा खाली पडला. मग चपला, लाथा, कोणाची तरी बादली. पिशवीतून तारेचे भेंडोळे आणि पक्कड बाहेर पडली. पक्कड दिसल्यावर, "बघा, हत्यार आहे," असे कोणी तरी म्हणाले आणि मार वाढला. चष्मा लावणाऱ्या दोघांनी चष्मे काढून खिशात ठेवले आणि परत पुढे गेले.

रखवालदार काठी घेऊन कडेला उभा होता. तो मारत नव्हता. वडिलांनी त्याच्या हातातून काठी ओढून घेतली, गर्दीत वाट काढली आणि मारली. मला दोन फटके दिसले. एक दंडावर. दुसरा चेहऱ्यावर. दुसऱ्या फटक्याला मुलाचा आवाज थांबला, आणि त्याबरोबर बाकीचेही थांबले. वडिलांनी काठी रखवालदाराच्या हातात परत दिली. त्याने ती घेतली.

पोलीस आले तेव्हा आवारात तिघे होते: जमिनीवर पडलेला मुलगा, त्याच्या डोक्यावर घमेल्यातले पाणी ओतणारी रखवालदाराची बायको, आणि रक्त लागलेली काठी हातात धरलेला रखवालदार. शिट्टी त्याची, काठी त्याची. त्याला गाडीत बसवले. तो एवढेच विचारत होता, "सायेब, म्या काय केलं?"

आईने वडिलांचा लेंगा साबणाच्या पाण्यात भिजत घातला. दुपारी जेवणे झाली.

रविवारी संध्याकाळी सचिव आमच्याकडे आले. मुलगा शुद्धीवर नाही, मेला तर खुनाचा गुन्हा होईल, सगळ्यांनी गप्प राहावे, असे त्यांचे म्हणणे होते. जमाव म्हणजे कोणी नाही. रखवालदारासाठी वकील देऊ, असेही ते म्हणाले. शेवटी सचिव म्हणाले, "काका, तुम्हीच शिकवता ना, कर्ता असा कोणी नसतोच."

वडील म्हणाले, "मग रखवालदार कसा कर्ता झाला?"

सचिव चहा न घेता गेले.

सोमवारी सकाळी वडील पोलीस ठाण्यात गेले. मी बरोबर होतो. त्यांनी निरीक्षकांना सांगितले की काठी त्यांनी चालवली, रखवालदाराने नाही. निरीक्षकांनी पेन खाली ठेवले. "काका, इथे लोक यादीतून नाव काढायला येतात. तुम्ही घालायला आलात." मग त्यांनी समजावून सांगितले. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. उद्या वडिलांनी तो फिरवला तर हातात काही उरत नाही. रखवालदाराच्या हातात काठी सापडली, त्यावर पंचांच्या सह्या झाल्या. ती दुसऱ्या कोणी चालवली असे म्हणायचे असेल, तर तसे पाहिलेला माणूस हवा. "पाहिलंय का कोणी?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी काही बोललो नाही. आम्ही रिक्षाने परत आलो.

त्या दिवशी मी रजा घेतली होती. संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या तिघांनी मला वेगवेगळे गाठले. एकाने मुलाने बापाला अडकवण्याची गोष्ट कोणत्याही घरात झालेली नाही असे सांगितले. एकाने माझ्या नोकरीची चौकशी केली. एकाने नुसता हात धरला, जरा जास्त वेळ. रात्री दाराला बाहेरून कडी घातली गेली. सकाळी दूधवाल्याने ती काढली.

मंगळवारी दुपारी साडेतीनला शिरवण्याहून दोन टेम्पो आले. तीस-पस्तीस माणसे, पुढे मुलाची आई. आधी तळमजल्याच्या काचा फुटल्या. मग ऑफिसचे दार. सचिवांची स्कूटर आडवी करून तिच्यावर गटाराचे सिमेंटचे झाकण टाकले. सचिव कामावर होते. बँकेतले गृहस्थ रजेवर होते. ते जिन्यात सापडले. त्यांना खाली ओढले. त्यांचे डोके पायरीच्या कडेवर दोनदा आपटले. आवाज वरपर्यंत आला. मुलाची आई आवाराच्या मध्यभागी उभी राहून एकच प्रश्न विचारत होती. "माज्या पोराला कोनी मारला?" वरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

वडील उठले. आईने दार अडवले. तिला त्यांनी बाजूला केले, ढकलले असेही म्हणता येईल. ते खाली गेले आणि मी मागे गेलो.

त्यांनी मुलाच्या आईसमोर उभे राहून सांगितले, "मी मारलं. काठी मी चालवली."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. पांढरे केस, सदरा-लेंगा. तिचा विश्वास बसला नसावा, कारण तिने पुन्हा विचारले, "तुमी?" वडिलांनी हो म्हटले.

मुलाच्या मामाने त्यांना लोखंडी नळी मारली. पहिला फटका डाव्या खांद्यावर. गळपट्टीचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा तोंडावर, त्यात वरचे तीन दात गेले. वडिलांनी हात वर केला नाही. मी जिन्याजवळची तुळशीची कुंडी उचलली आणि मामाच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मानेवर घातली. त्या माणसाने वडिलांना हात लावलेला नव्हता. तो गुडघ्यावर बसला. मला चौघांनी भिंतीशी दाबले, माझ्या दोन बरगड्या तडकल्या. त्या कुंडीबद्दल कोणी तक्रार केली नाही.

मुलाच्या आईने भावाची नळी धरली. "बस करा. ह्यो पन मरल," ती म्हणाली. ते थांबले. टेम्पो निघून गेल्यावर दहा मिनिटांनी पोलीस आले.

वडिलांना वाशीच्या एका रुग्णालयात दाखल केले. तोच मजला नव्हता, पण मुलगा त्याच रुग्णालयात होता. बुधवारी तो शुद्धीवर आला. मारणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा त्याला सांगता आला नाही. त्याला चपला आठवत होत्या.

बुधवारी दुपारी वडील माझ्याशी बोलले. तोंडाला टाके होते, शब्द फुटत फुटत येत होते, म्हणून मी त्यांना तेच पुन्हा सांगायला लावले.

ते म्हणाले, "काठी उचलली तेव्हा मी नव्हतोच. नाव नाही, वय नाही, भीती नाही. सगळे मिळून एकच अंग होतं. तीस वर्षं जे शोधत होतो ते मिळालं, असंच वाटलं मला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं." मग म्हणाले, "फक्त एक जण बाहेर राहिला होता. खाली पडलेला."

मी विचारले, मग जे शिकवलेत ते चूक होते का. ते म्हणाले, एकाला बाहेर ठेवून जे एक होते ते आपण शिकवत होतो ते नव्हे. एवढी साधी खूण आपल्याला सहा वर्षांत वर्गात सांगावीशी वाटली नाही, असेही म्हणाले. मग त्यांनी रखवालदाराची चौकशी केली. तो पोलीस कोठडीत होता. त्याची बायको खोली सोडून गेली नव्हती. सोसायटीने पंपाचा नळ तिला बंद केला होता.

"तू गॅलरीत होतास," ते म्हणाले.

"होतो."

"मग सांग जाऊन. दोघांपैकी एकाला वाचवतोयस असं धरू नकोस. जे दिसलं ते सांग."

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी पोलीस ठाण्यात जबाब दिला. निरीक्षकांनी तो स्वतः लिहून घेतला. काठी कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, कोणत्या हाताने, किती अंतरावरून दिसले. मी फटके दोन सांगितले. वडिलांनी रुग्णालयात दिलेल्या जबाबात तीन सांगितले होते. निरीक्षकांनी विचारले, काय लिहू. मी म्हटले, मला दिसले ते दोन. वडिलांना नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले की तिसरा फटका मुलगा निपचित पडल्यावरचा होता.

निरीक्षकांनी आणखी कोण होते ते विचारले. मी आठ जणांची नावे आणि खोली क्रमांक दिले. ज्यांच्याबद्दल खात्री नव्हती त्यांची दिली नाहीत. त्यांनी विचारले, यातल्या कोणाचा मार डोळ्याला लागला हे कसे ठरवणार. मग स्वतःच उत्तर दिले. "ठरवायचं कारणच नाही. बेकायदा जमाव म्हटलं की एकाने केलं ते प्रत्येकाने केलं. कायद्याला तुम्ही सगळे मिळून एकच माणूस."

हे मी वडिलांना सांगितले. त्यांनी ते दोनदा ऐकले आणि वर्गातल्या लोकांना कळवायला सांगितले. मी चौघांना कळवले. त्यांतले दोघे त्याच आठवड्यात आपण होऊन ठाण्यात गेले. त्यांची नावे माझ्या आठांत नव्हती.

सचिवांना शुक्रवारी कारखान्याच्या गेटवर अटक झाली. जाताना ते निरीक्षकांना म्हणाले की आपण फक्त एक थोबाडीत मारली होती. बँकेतल्या गृहस्थांना डोक्याला पट्टी असतानाच ताब्यात घेतले. त्यांच्या बायकोने आमच्या दारावर उकळते पाणी टाकले. आई दार उघडत होती. तिच्या उजव्या पावलावर डाग राहिला. वडिलांना सोमवारी रुग्णालयातून घरी सोडले आणि घरून ठाण्यात नेऊन अटक केली. गळ्यात हाताची झोळी होती. हवालदाराने जिना उतरताना त्यांचा दुसरा हात धरला होता.

मामावर वेगळा गुन्हा दाखल झाला. वडिलांनी त्यात फिर्याद दिली नाही. तो गुन्हा पोलिसांनी सरकारतर्फे नोंदवला.

मुलाच्या डोळ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. दुसरीनंतर डॉक्टरांनी नजर परत येणार नाही असे लेखी दिले.

रखवालदार तेविसाव्या दिवशी दुपारी सुटला. त्याच्याविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल पोलिसांनी कोर्टात दिला होता. तो सोसायटीत आला, पत्र्याच्या खोलीतून पेटी आणि अंथरूण बाहेर काढले, बायकोला घेऊन निघाला. गेटवर नवा रखवालदार होता. त्याच्याकडे शिट्टी होती. काठी पोलिसांच्या मुद्देमालात होती.

जूनमध्ये आरोपपत्र दाखल झाले. त्यात अकरा नावे होती. रखवालदाराचे नव्हते. पहिले नाव वडिलांचे होते. साक्षीदारांच्या यादीत मी चौथा होतो.